यक्षपत्नीची वेणी आणि घरातला आरसा

मंडळी, विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत थोडं हसू फुटलं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी सक्करदऱ्यात येऊन केशरचनेवर बोलायचं म्हणजे काय! हसा बाप्पा. पण घरी आरशापुढं बसून आज अंबाडा, उद्या खोपा, परवा कात्री घेऊन कपाळावरच्या बटा आखूड करणं, पटलं नाही की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून, हे जे चालतं ना, त्याला आपल्या साहित्यात आणि समीक्षेत जागा का मिळाली नाही, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

सुरुवात जवळूनच करू. रामटेक इथून तासा-दीड तासाचा रस्ता. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवलेल्या वा. वि. मिराशींनी मांडलं. त्या डोंगरावरून यक्ष ढगाला सांगतो, की माझी बायको अलकेत एकच वेणी घालून बसली असेल. विरहाच्या पहिल्या दिवशी फुलांची माळ काढून टाकून तिनं ती बांधली. शाप संपल्यावर मी येईन आणि मीच ती सोडीन. आठ महिने झालेत, चार उरलेत. वेणी इतकी राठ झाली आहे की गालाला बोचते, आणि नखं वाढलेल्या हातानं ती बिचारी ती पुन्हापुन्हा बाजूला सारते.

वर्णन अप्रतिम आहे, त्याबद्दल वादच नाही. पण हे सांगतंय कोण? यक्ष. तो आहे रामगिरीवर आणि वेणी आहे अलकेत. त्यानं ती पाहिलेली नाही. त्याला ती तशी हवी आहे, म्हणून ती तशी असेल, असं तो धरून चालला आहे. पिढ्यान् पिढ्या आपण हा श्लोक पतिनिष्ठेचं चित्र म्हणून शिकवला. नवऱ्याच्या मनातलं चित्र आणि बायकोचं डोकं यांत फरक करायला हवा, हे वर्गात फारसं सांगितलं गेलं नाही.

गंमत अशी, की कालिदासाला दुसरी बाजू चांगली ठाऊक होती. त्याच अलकेतल्या इतर बायका बटांत कुंद माळतात, अंबाड्यात कुरबक, भांगात कदंब. ऋतू कोणताही असो, सगळी फुलं हाताशी. (अलक म्हणजे कुरळी बट, आणि नगरीचं नाव अलका! हा योगायोग आम्हाला फार आवडतो.) आणि उज्जयिनीत तर घराघरांत बायका केसांना धुरी देतात, तो धूर जाळीच्या खिडक्यांतून बाहेर येतो आणि त्यानं ढग पुष्ट होतो. म्हणजे पाहा, जो ढग विरहाचा निरोप घेऊन निघालाय, तो वाटेत बायकांच्या केस सुकवण्याच्या धुरावर पोसला जातोय. काव्यात हे दोन ओळींत येऊन जातं आणि आपणही ते ओलांडून पुढं जातो. आमच्या मते तिथं थांबायला हवं होतं.

अजिंठ्याच्या चित्रकारानं तिथं थांबून दाखवलं. सतरा नंबरच्या लेण्यात आरसा हातात धरून स्वतःकडे पाहणारी स्त्री आहे, बाजूला दासी. तिला कोणाची वाट पाहायची घाई दिसत नाही.

पण परंपरेनं उचलली ती यक्षाची वेणी. भट्टनारायणाच्या नाटकाचं नावच वेणीसंहार. द्रौपदीचे मोकळे केस म्हणजे भीमाची प्रतिज्ञा, आणि ते बांधणार भीमच, दुर्योधनाच्या रक्तानं माखलेल्या हातांनी. केस तिचे, हिशेब त्यांचा. हा विचार शेवटपर्यंत ताणा, की काय उरतं? ज्याच्यासाठी केस, तो गेला. मग केस कशाला? केशवपनामागचं तर्कशास्त्र हेच होतं. ते रानटी होतं असं म्हणून हात झटकता येत नाहीत. आपण ज्या श्लोकांवर मान डोलावतो, त्यांच्याच घरातलं ते आहे.

1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. मोठीच गोष्ट. पण तिथंही निर्णय वस्तरा धरणाऱ्याचा होता. आम्हाला त्यापुढचं पाऊल पार्वतीबाई आठवल्यांचं वाटतं. महर्षी कर्व्यांच्या संस्थेसाठी झटणाऱ्या या बाई बरीच वर्षं केशवपन करत राहिल्या, आणि मग स्वतः विचार करून त्यांनी केस राखायचं ठरवलं. कोणी परतायचं नव्हतं, कसली प्रतिज्ञा पुरी व्हायची नव्हती.

आता आजच्या घरात या. 2020 च्या टाळेबंदीत सलून बंद होती. जूनअखेर उघडली तरी केस कापायला परवानगी, दाढीला नाही. त्या महिन्यांत घरोघरी कात्र्या निघाल्या. बायकोनं नवऱ्याचे कापले, बहिणीनं भावाचे. सलून उघडली, तरी पोरींची सवय काही गेली नाही. बुधवार बाजारातून दहा-वीस रुपयांचे चाप, रबरं, पिना आणायच्या, मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचा, आणि सुरू. आजी ओरडते, "काहून केसांची वाट लावून राहिली वं पोरी? तिन्हीसांजेला केस मोकळे सोडते का कोणी!"

इथं एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. हे सगळं शेवटी फोटोसाठीच ना? यक्ष गेला आणि त्याच्या जागी हजार अनोळखी डोळे आले, यात सुटका कसली? आम्ही यावर बराच विचार केला. फोटो निघतो तो चौथ्या रचनेचा. आधीच्या तीन बांधल्या आणि मोडल्या, त्या कोणी पाहिल्या नाहीत. एक वाकडी होती, एकीत ती आत्यासारखी दिसत होती, तिसरी तर छान जमली होती, तरी उगीच सोडली. त्या तिघींचा अर्थ कोणालाच लावता येत नाही, कारण त्या कोणाला काही सांगण्यासाठी नव्हत्याच. कांटनं सौंदर्याबद्दल बोलताना हेतूशिवायच्या हेतुमयतेची गोष्ट केली, रा. भा. पाटणकरांच्या सौंदर्यमीमांसेमुळं ती मराठीत नीट पोचली. उदाहरणं मात्र आपण फुलांची आणि नक्षीचीच देत राहिलो. दार लोटून केस मोडत बसलेली सोळा वर्षांची पोरगी कोणाला सुचली नाही.

म्हणून आमची तक्रार कालिदासाबद्दल नाही, वाचणाऱ्यांबद्दल आहे. कवितेत वेणी दिसली की लगेच विरह, मोकळे केस दिसले की शोक नाहीतर सूड, हे समीकरण आपण इतकं घोकलंय की घरातल्या पोरीनं केस कापले तरी पहिला प्रश्न येतो, "काय झालं?" काही झालेलं नसतं.

पुढच्या बैठकीत वेणीसंहार घेऊ. प्रत मिळाली तर सहावा अंक वाचून या, आणि वाचताना द्रौपदी स्वतः केसांबद्दल किती बोलते, तेवढं पेन्सिलीनं खुणावून ठेवा.