न गायलेला पाचवा स्वर
आम्ही काही मित्र मिळून बार्बरशॉप गायनाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा ऐकायला गेलो. वाद्य नाही, चारच गळे: मुख्य चाल लीडची, टेनर तिच्या वर, बास तळाला, बॅरिटोन उरलेली जागा भरतो. सूर नेमके जुळले की कुणीच न गायलेला पाचवा स्वर घुमतो, आपल्या तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारासारखा. तो कुणा एकाचा नसतो, हेच या गायकीचं मोठेपण. पण १९३८मध्ये टल्सात स्थापन झालेल्या याच संस्थेनं १९४१ साली न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय चौकडीला राष्ट्रीय स्पर्धेत गाऊ दिलं नाही. आणि या गायकीची मुळं तर कृष्णवर्णीयांच्याच गाण्यात! स्त्रियांना सभासदत्व मिळालं २०१८ला. गळे जुळले म्हणून माणसं जुळतातच असं नाही, हे टाळ्या वाजवतानाही आपण विसरू नये.