जिनसेंगमध्ये काम कोण करतं?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला जिनसेंगच्या कॅप्सूलची बाटली दाखवली. त्यांच्या धाकट्या बहिणीची केमोथेरपी नुकतीच संपली आहे, थकवा जात नाही, म्हणून कुणीतरी परदेशातून आणून दिलेली. वर ठळक अक्षरांत जिनसेनोसाइडचे टक्के छापलेले. ‘सर, टक्के जास्त म्हणजे औषध चांगलं, असंच ना?’ मी काही औषधशास्त्राचा माणूस नाही. पण ‘असंच ना?’ हा प्रश्न आमच्याच खात्यातला, म्हणून गेले काही दिवस हे संशोधन वाचत बसलो.

कोरिया आणि ईशान्य चीनमधली ही मुळी. वनस्पतीशास्त्रात तिच्या वंशाचं नाव पॅनॅक्स, म्हणजे ग्रीकमध्ये ‘सगळ्यावर उपाय’. बारशालाच निकाल लावून टाकलेला! 1854 साली गॅरिग्ज यांनी तिच्या अमेरिकन बहिणीतून एक पदार्थ वेगळा काढला. पण खरं रसायनशास्त्र उलगडलं ते 1960च्या दशकात, टोकियोत शोजी शिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मुळीचा अर्क पातळ थराच्या पट्टीवर चढवला की घटक वेगवेगळ्या उंचीवर ठिपके होऊन थांबतात. त्या ठिपक्यांना खालून वर नावं दिली : आरए, आरबी1, आरसी, आरडी, आरई, आरजी1. आज अशी शंभराहून अधिक जिनसेनोसाइड्स माहीत आहेत.

आता नीट बघा. या नावांत पदार्थ पट्टीवर कुठे थांबला एवढंच आहे. शरीरात तो काय करतो, हे नाही. शिबातांचं काम उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप पुढच्या उडीवर आहे. जिनसेनोसाइड्स या वंशाची ओळख पटवतात, मोजता येतात; म्हणून हळूहळू ‘मोजता येणारे घटक’ हेच ‘सक्रिय घटक’ होऊन बसले. मुळीत पॉलिसॅकराइड्सही आहेत, पॉलिअॅसिटिलीन्सही आहेत. त्यांच्यावर काम झालेलं आहे, पण बाटलीवर त्यांचं नाव येत नाही.

2001 साली अमेरिकेत विकली जाणारी 25 उत्पादनं तपासली गेली. जिनसेनोसाइडच्या प्रमाणात कॅप्सूलमध्ये 15 पट आणि द्रवांमध्ये 36 पट फरक सापडला. साहजिकच टक्के ठरवून द्या अशी मागणी आली. मग टोरांटोच्या गटाचा अनुभव. त्यांना आधी आढळलं होतं की अमेरिकन जिनसेंग घेतलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. 2003 साली त्यांनी प्रामाणिकपणे छापलं की दुसऱ्या बॅचनं काहीच केलं नाही, आणि तिच्यात जिनसेनोसाइड्स कमी होती. झालं, सिद्ध? नैयायिकांच्या भाषेत हा व्यतिरेक आहे : कारण नाही, म्हणून कार्य नाही. पण व्यतिरेक तेव्हाच लागू पडतो, जेव्हा बाकी सगळं सारखं असतं. दोन बॅचमध्ये आणखी काय वेगळं होतं? जे मोजलंच नाही त्याची साक्ष कोण देणार?

शिवाय टक्क्यांची बेरीजच संशयास्पद आहे. 2004 साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या कामानुसार आरजी1 नव्या रक्तवाहिन्या वाढवतं आणि आरबी1 त्यांना रोखतं. एकाच मुळीत दोन्ही. म्हणजे जमा आणि खर्च एकाच रकान्यात लिहून खाली एकूण मांडण्यासारखं झालं. हे प्रयोगशाळेतलं आहे, त्यावरून थेट रोग्याबद्दल बोलू नये. पण गाठीलाही रक्तवाहिन्या लागतात हे लक्षात घेतलं, तर हा हिशेब कुणासाठी महत्त्वाचा आहे ते कळेल.

आणि गंमत पुढे आहे. आरबी1 आतड्यातून जेमतेमच शोषलं जातं. तिथले जीवाणू त्याच्यावरच्या साखरा एकेक तोडतात आणि ‘कंपाउंड के’ तयार होतं. ते रक्तात जातं. हे जीवाणू माणसागणिक वेगळे. म्हणजे ज्याला आपण सक्रिय म्हणतो तो पदार्थ बाटलीत नसतोच, तो खाणाऱ्याच्या पोटात घडतो, किंवा घडत नाही. सक्रियता हा मग पदार्थाचा गुण राहत नाही, तो पदार्थ आणि शरीर यांच्यातला संबंध होतो. टक्के हा संबंध कसे सांगणार?

उलट टोकाला ‘अॅडॅप्टोजेन’ हा शब्द आहे. लाझारेव यांनी 1947 साली तो आणला, ब्रेखमन आणि दार्दिमोव यांनी 1969 साली त्याच्या अटी मांडल्या : निरुपद्रवी हवं, परिणाम अविशिष्ट हवा, आणि बिघाड कुठल्याही दिशेचा असो, शरीर ठिकाणावर यायला हवं. वाढलं तर कमी करतं, कमी झालं तर वाढवतं; मग चुकणार कधी? चरकानं दंती आणि चित्रक यांचं उदाहरण दिलंय. रस, विपाक, वीर्य सारखं, तरी दंती रेचक आहे, चित्रक नाही. या उरलेल्या फरकाला त्यानं ‘प्रभाव’ म्हटलं. म्हणजे स्पष्टीकरण जिथे संपतं तिथे पाटी लावली. अॅडॅप्टोजेन हीसुद्धा पाटीच आहे, पण ती स्पष्टीकरण म्हणून विकली जाते. आपल्या अश्वगंधेलाही ‘इंडियन जिनसेंग’ म्हणतात ते याच दुकानदारीतून. तिचं कूळ वेगळं, तिच्यात जिनसेनोसाइड नाही.

मग बहिणीचं काय? 2013 साली मेयो क्लिनिकच्या पुढाकारानं झालेली चाचणी आहे. कर्करोगातून जाणारे वा गेलेले 364 लोक, रोज 2000 मिलिग्रॅम अमेरिकन जिनसेंगचं दळलेलं मूळ, समोर बनावट गोळी. निकाल चौथ्या आठवड्याला बघायचा हे आधी ठरलं होतं. तेव्हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, आठव्या आठवड्याला उतरला. मला ही चाचणी आवडली. पण ठरवलेली वेळ हुकल्यावर नंतरच्या वेळेला मिळालेलं यश ही पुढच्या चाचणीची सुरुवात आहे, पुरावा पूर्ण झाला असं नव्हे. शिवाय फायदा जास्त दिसला तो उपचार चालू असलेल्यांत. बहिणीचे संपलेत.

त्या गृहस्थांबरोबर मी बाटली पुन्हा पाहिली. टक्के होते. जात आशियाई की अमेरिकन, मूळ दळलेलं की अर्क, अर्क असेल तर कशात काढलेला, यातलं काही नव्हतं. बहीण वॉर्फरिन घेते का, हे मात्र मी विचारलं; अमेरिकन जिनसेंगनं त्या औषधाचा परिणाम कमी होतो, हे चाचणीत दिसलेलं आहे. ते म्हणाले, रक्त पातळ करायची एक गोळी आहे खरी, नाव आठवत नाही. मग बाटली आणि त्या गोळीचं पाकीट, दोन्ही घेऊन तिच्या डॉक्टरांकडे जायचं त्यांनी कबूल केलंय.

आता प्रश्न घेऊ.