न्यू कोक: दोन लाख घोट आणि भलताच प्रश्न

मार्केटिंग रिसर्चच्या वर्गात १९८५ च्या ‘न्यू कोक’ची गोष्ट हमखास येते, आणि पुष्कळदा अशी सांगितली जाते की कंपनीने ग्राहकांना विचारलंच नाही. अहो, विचारलं की! जवळपास दोन लाख लोकांना चव दिली होती. नमुना म्हणून आणखी काय हवं?

गडबड आराखड्यात आहे. निर्णय होता जुनं कोक बाजारातून काढून घेण्याचा. चाचणी झाली ती मात्र मुख्यतः नाव झाकून, घोटभर चवीची. (पेप्सी चॅलेंजही घोटाचंच, तिथूनच ही पट्टी उचलली असावी.) आता घोटभर प्यायलं की जास्त गोड तेच बरं लागतं. घरी आख्खी बाटली संपवताना तसंच वाटेल, हे कशावरून? शिवाय नाव झाकलं की ब्रँडविषयीचा जिव्हाळा मोजणार कसा? ‘जुनं मिळणारच नाही, मग काय कराल?’ हे चव घेणाऱ्यांना सरळ विचारायला हवं होतं. ते राहिलं. २३ एप्रिलला घोषणा झाली. ११ जुलैला जुनी चव ‘क्लासिक’ नावाने परत आणल्याचं जाहीर करावं लागलं.