लोहाधारित स्थायी चुंबकद्रव्ये आणि महाविद्यालयीन संशोधन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
स्थायी चुंबकाच्या विकासात लोहाचे स्थान मध्यवर्ती राहिले आहे. १९३० मध्ये जपानमधील काटो व ताकेई यांनी कोबाल्ट फेराइटापासून ऑक्साइड चुंबक सिद्ध केला. १९५२ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेने बेरियम हेक्झाफेराइट पुढे आणले. १९८३ मध्ये जाहीर झालेल्या निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकातही वजनाने सुमारे ७२ टक्के लोहच असते. या परंपरेशी धाराशिव जिल्ह्याचाही संबंध आहे. उमरगा तालुक्यातील गुंजोटी येथील श्रीकृष्ण महाविद्यालयातून कोबाल्ट फेराइटावरील शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत. ग्रामीण महाविद्यालयाच्या दृष्टीने ही गौरवाची बाब होय. तथापि या क्षेत्रातील एकूण लेखनाचे निकष तपासणे आवश्यक आहे.

निकषांची मर्यादा :
फेराइटविषयक लेखनाची मांडणी पुष्कळदा ठरावीक असते. सोल-जेल पद्धतीने भुकटी तयार करणे, क्ष-किरण विवर्तनाने तिची रचना निश्चित करणे आणि शेवटी चुंबकीय शैथिल्य वक्र देणे, असा तिचा क्रम असतो. निग्राहिता, म्हणजे विरुद्ध चुंबकीय क्षेत्रास तोंड देण्याची क्षमता, वाढलेली दिसताच द्रव्य 'स्थायी चुंबकास उपयुक्त' ठरविले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे.

चुंबकाचे खरे मूल्यमापन कमाल ऊर्जा गुणाकाराने होते आणि त्याची वरची मर्यादा संपृक्त चुंबकनाच्या वर्गावर अवलंबून असते. हेक्झाफेराइटाच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ४५ किलोज्यूल प्रति घनमीटर, तर निओडिमियम-लोह-बोरॉनच्या बाबतीत सुमारे ५१० इतकी येते. हेक्झाफेराइटात लोहाच्या जागी ॲल्युमिनियम घातल्यास निग्राहिता वाढते, परंतु संपृक्त चुंबकन घटते. म्हणजेच एका गुणाची वाढ दाखविताना दुसऱ्याची हानी झाकली जाते. शिवाय भुकटीतील कण सर्व दिशांना विखुरलेले असल्यास अवशिष्ट चुंबकन संपृक्त मूल्याच्या निम्म्यावर येते आणि ऊर्जा गुणाकाराची मर्यादा एक चतुर्थांशावर उतरते. प्रतिग्रॅम मोजलेले चुंबकन हा भुकटीचा गुण आहे. चुंबक मात्र घन वस्तू असल्याने त्याची घनता ठाऊक असल्याशिवाय त्याच्याविषयी काहीही ठामपणे सांगता येत नाही.

प्रश्नाचे सामाजिक परिमाण :
ही चर्चा केवळ पारिभाषिक नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये व त्यांपासून बनणारे चुंबक यांच्या निर्यातीस परवाना सक्तीचा केला. त्याची झळ पुण्याच्या वाहनउद्योगास बसली. बजाज ऑटोला चेतक या विजेवरील दुचाकीचे उत्पादन काही काळ घटवावे लागले. निओडिमियम चुंबकाची निग्राहिता उष्णतेने घटते, म्हणून त्यात डिस्प्रोसियम घालावे लागते आणि नेमके तेच या निर्बंधात सापडले. याउलट हेक्झाफेराइटाची निग्राहिता सामान्य तापमानाच्या वर काही मर्यादेपर्यंत वाढत जाते, त्याला गंज चढत नाही आणि त्याचा कच्चा माल स्वस्त असतो. निओडिमियमची ताकद त्यात येणार नाही, हे वरील आकडे सांगतातच. परंतु आकार व वजन थोडे वाढले तरी चालेल अशा यंत्रांत त्याला वाव आहे. तो वाव किती, हे भुकटीच्या वक्रावरून ठरविता येत नाही.

निष्कर्ष :
१) प्रत्येक शोधनिबंधात निग्राहितेबरोबर संपृक्त चुंबकन, घनता आणि ऊर्जा गुणाकार नोंदविला जावा.
२) भुकटी चुंबकीय क्षेत्रात दाबून कणांना एक दिशा द्यावी, नंतर ती भाजून घन नमुना तपासावा. यासाठी लागणारी साधने मोठ्या संस्थांपुरतीच मर्यादित नाहीत.
३) खोलीच्या तापमानाबरोबरच चढ्या तापमानावरील मोजमाप द्यावे. मराठवाड्यातील उन्हाळ्यात बंदिस्त मोटारीचे तापमान खोलीच्या तापमानाहून बरेच अधिक असते.
४) चुंबकन घटले असल्यास तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले जावे.

शोधनिबंधांची संख्या वाढविणे तुलनेने सोपे आहे. गुंजोटीसारख्या ठिकाणी उभी राहिलेली प्रयोगशीलता प्रत्यक्ष चुंबकापर्यंत पोहोचावयाची असेल, तर 'उपयुक्त' हा शब्द निष्कर्षात लिहिण्यापूर्वी तो आकड्यांनी सिद्ध करणे अपरिहार्य ठरते.