शून्य निकालाचे अर्थ

२०१६ साली एका त्रैमासिकात माझा लेख छापून आला. विषय होता शेक्सपिअरच्या काळातील सूडनाट्ये. त्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने एक विधान केले होते. या नाटकांत रक्तपात भरपूर असला, तरी ‘मर्डर’ हा शब्द पात्रांच्या तोंडी फारसा येत नाही. नाटककार तो जणू टाळतात, असा त्याचा आशय. विधानाला मी आकड्यांचा आधार दिला होता. ते आकडे मी स्वतः, घरी बसून, संगणकावर जुन्या नाटकांच्या संहिता शोधून काढले होते. लेखाचे कौतुकही झाले.

दोन वर्षांनी एक जुने नाटक ओळीने वाचताना ‘मर्थर’ असा शब्द आढळला. पुढच्या पानावर पुन्हा आढळला. तेव्हा लक्षात आले, की त्या काळी हा शब्द ‘ड’नेही लिहीत आणि ‘थ’नेही. मी एकच रूप शोधले होते. नाटककार काहीही टाळत नव्हते. टाळले होते मी. संपादकांना दुरुस्तीचे पत्र पाठवले, तेही छापून आले. पण प्रश्न तिथे संपला नाही. मी कुठल्या विद्यापीठात नाही, परदेशी ग्रंथालयात बसण्याची ऐपत नाही. इंग्रजी साहित्याचा जो काही अभ्यास माझ्याकडून झाला, तो जिल्हा ग्रंथालय आणि गेल्या वीस वर्षांत इंटरनेटवर मोफत उघडलेली दालने यांच्या बळावर. ज्या साधनावर आपला सगळा भार आहे, ते साधन कसे बनले हे मी कधी विचारलेच नव्हते. हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

माझी चूक ज्या संग्रहात झाली, तिथूनच सुरुवात करू. ‘अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन’ या नावाने १४७३ ते १७०० या काळातील इंग्रजी मुद्रित ग्रंथांची छायाचित्रे पाहायला मिळतात. नावावरून वाटते, की कोणी जुन्या पुस्तकांसमोर कॅमेरा धरला आणि चित्र पडद्यावर आले. प्रत्यक्षात मधला प्रवास लांबचा आहे. युजीन पॉवर या अमेरिकन गृहस्थाने १९३०च्या दशकात ब्रिटिश म्युझियममधील जुन्या पुस्तकांच्या मायक्रोफिल्म करायला सुरुवात केली. कोणती पुस्तके घ्यायची, हे १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या पोलार्ड आणि रेडग्रेव्ह यांच्या ग्रंथसूचीवरून ठरे. पुढे अनेक दशकांनी त्या काळ्यापांढऱ्या फिल्मचे स्कॅन झाले. म्हणजे आपण पाहतो ते पुस्तकाचे चित्र नाही. चित्राचे चित्र आहे.

शिवाय चित्रात शब्द शोधता येत नाही. त्यासाठी ‘टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप’ या प्रकल्पाने ती पुस्तके अक्षर न् अक्षर टंकलिखित करून घेतली. हे काम ज्या व्यावसायिक कंपन्यांना दिले गेले, त्यांत भारतात काम करणाऱ्याही होत्या. वीस हजार अक्षरांत एकापेक्षा जास्त चूक नको, अशी अट होती. शेक्सपिअरकालीन इंग्लंडचे हे भांडार उभे करण्यात आपल्याकडच्या टंकलेखकांच्या बोटांचाही वाटा आहे, याचे मला अजून अप्रूप वाटते. फिल्म जिथे पुसट होती, तिथे न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी त्यांनी प्रामाणिकपणे ठिपका घातला. २०१५च्या जानेवारीत यातील पंचवीस हजारांहून अधिक संहिता सर्वांसाठी खुल्या झाल्या, २०२०मध्ये आणखी झाल्या. माझ्यासारख्याला लाखमोलाची ठेव मिळाली.

पण त्या ठेवीचे नियम समजून घ्यायला हवेत. सर्वसाधारणपणे एका ग्रंथाची एकच आवृत्ती टंकलिखित झाली, आणि त्या आवृत्तीचीही एकच प्रत. लेखन मूळ बरहुकूम ठेवले. त्या काळी ‘यू’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे एकमेकांच्या जागी छापत, तसेच ‘आय’ आणि ‘जे’. ‘लव्ह’ किंवा ‘हेवन’ हे शब्द आजच्या वर्णक्रमाने शोधले, तर जुन्या पानांतले कितीतरी निसटतात. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘घरें’, ‘मुलें’, ‘केलें’ असे अनुस्वारांसह छापत. आजच्या लेखनाने शोधणाऱ्याला यंत्र सांगेल, की जुन्या मराठीत घरे नव्हती.

शून्य निकालाचा हा पहिला अर्थ: गोष्ट आहे, पण आपल्याला तिचे नाव नीट घेता आले नाही.

दुसरा अर्थ मला रंगभूमीच्या अभ्यासात कळला. १६६० ते १८०० या काळात लंडनमध्ये कोणत्या रात्री कोणते नाटक झाले, कोणी काम केले, किती उत्पन्न झाले, याची नोंद करणारे ‘द लंडन स्टेज’ हे अकरा खंड १९६०च्या दशकात प्रसिद्ध झाले. १९७०च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे बेन श्नायडर या इंग्रजीच्या प्राध्यापकाने ते संगणकावर चढवण्याचा ध्यास घेतला. काम झाले, पण तंत्रज्ञान बदलले आणि ती माहिती हरवली असेच लोक धरून चालले. मॅटी बर्कर्ट या संशोधिकेने तिचे अवशेष शोधून, दुरुस्त करून २०१९ साली ‘लंडन स्टेज डेटाबेस’ खुला केला. पन्नास हजारांहून अधिक प्रयोगदिन त्यात आहेत.

या नोंदी वर्षवार मांडून पाहिल्या, तर सतराव्या शतकात तुरळक दिसणारे प्रयोग अठराव्या शतकाच्या आरंभी भराभर वाढताना दिसतात. लंडनकरांना एकाएकी नाटकाचे वेड लागले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. त्यात थोडे तथ्यही आहे. १६८२ ते १६९५ या काळात शहरात एकच अधिकृत नाटक मंडळी होती, नंतर दोन झाल्या. पण मोठे कारण वेगळेच आहे. १७०२ साली ‘डेली कोरंट’ हे इंग्लंडमधील पहिले दैनिक सुरू झाले आणि काही वर्षांत नाटकांच्या जाहिराती दैनिकात नियमाने येऊ लागल्या. त्याआधीच्या प्रयोगांसाठी आधार कोणते? छापील नाटकांच्या प्रस्तावना, दरबारी हिशेब, खासगी पत्रे आणि १६६० ते १६६९ या वर्षांसाठी सॅम्युएल पेपिस या हौशी प्रेक्षकाची रोजनिशी. पेपिसने डोळ्यांच्या त्रासामुळे लेखणी खाली ठेवली आणि आपला नाट्यगृहाकडे उघडणारा एक दरवाजा बंद झाला. नाटके होतच होती. तो आलेख रंगभूमीइतकाच वृत्तपत्रांचाही आहे. एखाद्या नटीने आरंभीच्या काळात किती भूमिका केल्या हे मोजणारा बऱ्याचदा कागद किती उरले तेच मोजत असतो.

म्हणजे दुसरा अर्थ: गोष्ट घडली, पण कोणी लिहून ठेवली नाही, किंवा लिहिलेले टिकले नाही.

या दुसऱ्या शून्याशी प्रामाणिकपणे वागणारे एक साधन मला विशेष आवडते. ‘लॉस्ट प्लेज डेटाबेस’ या संग्रहात १६४२पूर्वीच्या हरवलेल्या नाटकांचीच नोंद आहे. अभ्यासकांचा अंदाज असा, की १५६७ ते १६४२ या काळात लंडनच्या व्यावसायिक नाट्यगृहांसाठी सुमारे तीन हजार नाटके लिहिली गेली. त्यांतील जेमतेम साडेपाचशे आज उपलब्ध आहेत. बाकीच्यांपैकी काहींची निदान नावे उरली, ती नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याच्या हिशेबाच्या वहीसारख्या कागदांतून. म्हणजे ज्याला आपण ‘शेक्सपिअरकालीन नाटक’ म्हणतो, ते मूळ पिकाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. हे एकदा ध्यानात घेतले, की ‘शेक्सपिअरच्या आधी असे कोणी केले नव्हते’ या छापाचे वाक्य लिहिताना हात थबकतो.

आता उलट बाजू. पडद्यावर जे सापडते, ते तरी एकच असते का? ‘हॅम्लेट’चेच पाहा. १६०३चा पहिला क्वार्टो, १६०४-०५चा दुसरा आणि १६२३च्या फोलिओतील पाठ हे तीन वेगवेगळे पाठ आहेत. चौथ्या अंकात फोर्टिनब्रासचे सैन्य पाहून हॅम्लेट जे दीर्घ स्वगत बोलतो, ते दुसऱ्या क्वार्टोत आहे, फोलिओत नाही. एकोणिसाव्या शतकातील प्रचलित आवृत्त्या हे पाठ एकत्र करून छापत. आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३चे, म्हणजे त्याच काळातले. आज एखादा मराठी अभ्यासक कुठल्याही जुन्या भाषांतराची ‘मुळाशी’ तुलना करायला बसला आणि त्याने नुसता फोलिओचा पाठ उघडला, तर भाषांतरकाराने पदरचे घातले असा आळ तो सहज घेईल. गुन्हा भाषांतरकाराचा नसेल, उघडलेल्या खिडकीचा असेल.

मात्र याच ‘हॅम्लेट’ने मला या साधनांचे खरे सामर्थ्यही दाखवले. पहिल्या क्वार्टोच्या जगात दोनच प्रती ज्ञात आहेत. कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयातील प्रतीला शेवटचे पान नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील प्रतीला मुखपृष्ठ नाही. संपूर्ण पुस्तक पृथ्वीवर कुठेच नाही. ते पूर्ण होते फक्त दोन्ही प्रतींची छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर, आणि हे मी माझ्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून करू शकलो. तसेच ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील फोलिओचे. सतराव्या शतकात ग्रंथालयाने ती प्रत काढून टाकली, १९०६ साली तीन हजार पौंड मोजून परत घेतली आणि अलीकडे लोकांच्या देणग्यांतून तिचे प्रत्येक पान इंटरनेटवर आणले. त्यात ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची पाने हाताळून झिजलेली दिसतात. तरुण वाचक कुठे रेंगाळत, ते कागद सांगतो. ही झीज कुठल्याही शोधचौकटीत सापडणार नाही. त्यासाठी पानच पाहावे लागते.

शून्याचा तिसरा अर्थ आम्हा सर्वांना २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस कळला. ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. खंडणी मागितली गेली, ग्रंथालयाने ती दिली नाही, चोरलेली माहिती हल्लेखोरांनी उघड केली. मुख्य सूची जानेवारी २०२४मध्ये मर्यादित स्वरूपात परत आली. पण १८०० सालापर्यंतच्या इंग्रजी मुद्रणाची जी सूची आम्ही रोज उघडत होतो, ती आणि हस्तलिखितांची छायाचित्रे दीर्घकाळ अंधारात गेली. पुस्तके कपाटात सुरक्षित होती. लंडनमध्ये राहणाऱ्याला निदान ती आशा होती. माझ्यापुरते ते ग्रंथालय नाहीसेच झाले. माझे अर्धवट टिपण तेव्हापासून वहीत पडून आहे. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली: जे पाहिले ते त्याच दिवशी हाताने उतरवायचे, सोबत प्रत कोणत्या ग्रंथालयाची, पाहिली कधी, शोधलेला शब्द कोणकोणत्या रूपांनी शोधला, हेही.

एकट्याने, गुरूविना शिकणाऱ्यांसाठी ही साधने वरदान आहेत, यात मला शंका नाही. ती नसती, तर हा लेख लिहिण्याची माझी पात्रताही नसती. म्हणूनच समीक्षकाकडून माझी एक मागणी आहे. ‘आढळत नाही’ असे लिहिताना कुठे, कशात आणि कसे शोधले, हे त्याच वाक्यात सांगावे. वाक्य लांबेल, थोडे ओबडधोबडही होईल. माझे २०१६चे वाक्य फार सुबक होते.