जनुकाची संहिता आणि साहित्याचा वंशवृक्ष

गेल्या दीड-पावणेदोनशे वर्षांत जीवशास्त्र आणि भाषा-साहित्याचा अभ्यास यांच्यात परिभाषेची उसनवारी सतत चालू आहे. साहित्येतिहासाने जीवशास्त्राकडून 'उगम', 'विकास', 'वंश', 'ऱ्हास' हे शब्द घेतले. उलट आनुवंशिकतेच्या विज्ञानाने 'संकेत', 'अक्षर', 'प्रतिलेखन', 'भाषांतर' आणि अलीकडे 'संपादन' हे शब्द ग्रंथव्यवहारातून उचलले. दोन्ही बाजूंनी उसने घेतलेले परत केलेले नाही. इतकेच असते तर तो परिभाषेच्या इतिहासातील एक मनोरंजक भाग म्हणून सोडून देता आला असता. परंतु उसन्या शब्दाबरोबर त्याचा युक्तिवादही येतो आणि तो तपासला जात नाही. मराठीत साहित्यप्रकारांच्या 'मुळां'विषयी आणि 'कलमां'विषयी जो वाद वर्षानुवर्षे चालतो, त्यातील पुष्कळसा आवेश या न तपासलेल्या युक्तिवादावर पोसलेला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम जीवशास्त्राने घेतलेल्या उसनवारीकडे पाहू. १९४४ मध्ये श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाने गुणसूत्रांत सजीवाच्या घडणीची एक सांकेतिक लिपी असावी, असे सुचविले. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी पहिल्या 'शब्दा'चा उलगडा केला, आणि पुढील पाच-सहा वर्षांत संपूर्ण कोश सिद्ध झाला : चार अक्षरे, तीन-तीन अक्षरांचे चौसष्ट शब्द, त्यांपैकी एकसष्टांचा अर्थ वीसपैकी एकेक अमिनो आम्ल, उरलेले तीन विरामचिन्हांसारखे. हरगोविंद खुराना यांना १९६८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो याच कामासाठी. नेमक्या याच वर्षांत पॅरिसमध्ये संरचनावाद भरात होता, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. देरिदाच्या १९६७ च्या ग्रंथात जीवशास्त्रज्ञ पेशीतील प्राथमिक प्रक्रियांविषयी 'लेखन' हा शब्द वापरतात याची दखल आहे. १९६८ मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीवर रोमान याकॉबसन, लेव्ही-स्त्रोस आणि जनुकशास्त्रज्ञ फ्रान्स्वा जाकोब यांची चर्चा झाली. निरर्थक घटकांच्या जुळणीतून सार्थ घटक निर्माण होणे हे भाषेचे व्यवच्छेदक लक्षण जनुकांतही आढळते, या साम्याने याकॉबसन भारावून गेला होता. जाकोब अधिक सावध होता. साहित्याच्या अभ्यासकाने या प्रसंगी भाषावैज्ञानिकापेक्षा जीवशास्त्रज्ञाची बाजू घ्यावी, असे मला वाटते. ते का, हे पाहण्यासाठी आपल्याच परिभाषेकडे वळणे सोयीचे आहे.

मराठीत आपण 'संकेत' हा शब्द दोन्हीकडे वापरतो : जनुकीय संकेत आणि वाङ्मयीन संकेत. आपल्याकडील शब्दविचारात संकेत म्हणजे 'या शब्दावरून हा अर्थ जाणावा' अशी व्यवस्था. ती ईश्वराने केलेली असो की माणसांनी, ती कोणाला तरी कळलेली असावी लागते. संकेतग्रहाशिवाय संकेत नाही. पेशीत व्यवस्था आहे, ग्रह नाही. ही व्यवस्था यादृच्छिक आहे, हे खरे. विशिष्ट त्रयीला विशिष्ट आम्लच का, याला रासायनिक अपरिहार्यता फारशी नाही आणि क्रिकने १९६८ मध्ये तिला गोठलेल्या अपघाताची उपमा दिली होती. सोस्यूरच्या वाचकाला येथे आपले माणूस भेटल्याचा आनंद होतो. पण यादृच्छिकता ही चिन्हाची आवश्यक अट असेल, पुरेशी अट नव्हे. ज्याला अर्थ कळला नाही असा कोणी पेशीत संभवत नाही. म्हणून ज्याला तो कळला असाही कोणी संभवत नाही.

आता तपशिलात शिरू, कारण रूपकाची परीक्षा तपशिलातच होते. या कोशात पर्यायशब्द विपुल आहेत. ल्यूसिन या एका आम्लासाठी सहा त्रयी आहेत. अक्षर बदलूनही आम्ल बदलत नसेल तर त्या उत्परिवर्तनाला शास्त्रज्ञ 'समानार्थी' असेच म्हणतात. हे बदल परिणामशून्य असतात, असा समज बराच काळ होता. पुढे असे दिसून आले की पर्यायी त्रयींच्या वापराला प्रत्येक जीवजातीत वेगळा कल असतो आणि त्यामुळे प्रथिन तयार होण्याच्या वेगातही फरक पडतो. कवितेत खरा पर्यायशब्द नसतो, असे सांगत आलेल्या समीक्षकाला हे वाचून समाधान वाटेल. मात्र अनेकार्थता, जिच्यावर साहित्य जगते, ती या कोशात जवळजवळ नाही. तुरळक अपवाद आहेत. पेशीकेंद्रातील संकेतात विराम असलेली एक त्रयी माणसाच्या सूत्रकणिकेत ट्रिप्टोफॅन या आम्लासाठी वापरली जाते. पण एकाच ठिकाणी एका शब्दाने दोन अर्थ सुचवावेत, असे घडत नाही.

श्लेषाचे काय? येथे एक चकित करणारे उदाहरण आहे. १९७७ मध्ये सँगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जीवाणूंवर जगणाऱ्या 'फाय एक्स १७४' या विषाणूची समग्र संहिता वाचली. तीत अवघी पाच हजार तीनशेच्या आसपास अक्षरे आहेत. पण त्या अक्षरांत मावतील त्याहून अधिक प्रथिने हा विषाणू निर्माण करतो. कारण असे की काही ठिकाणी तीच अक्षरे एक घर पुढे सरकून तोडली की वेगळ्या त्रयी पडतात आणि वेगळे प्रथिन तयार होते. आपल्या अलंकारशास्त्राला ही युक्ती जुनीच परिचयाची आहे : पदच्छेद बदलून अर्थ बदलणे म्हणजे सभंग श्लेष. साम्य इतके नेमके आहे की हात आवरता येत नाही. तरीही आवरावा. सभंग श्लेषाचे सौंदर्य दोन अर्थ एकाच सहृदयाला एकदम जाणवण्यात असते. विषाणूत दोन्ही वाचने होतात, पण त्या दोहोंना एकत्र पाहणारा त्याच्यात कोणी नाही. तो प्रयोगशाळेत असतो, आणि श्लेषही तेथेच घडतो.

आता उलट दिशेची उसनवारी. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात एकच आकृती आहे, ती शाखांची. परंतु त्यापूर्वी, १८५३ मध्ये, श्लायशरने भारत-युरोपीय भाषांचा वृक्ष काढला होता. आणि लाखमानच्या परंपरेतील पाठचिकित्सक समान चुकांवरून हस्तलिखितांच्या वंशावळी लावीत होते. समान चूक समान पूर्वज दाखविते, हे तत्त्व ग्रंथसंशोधनाचे तितकेच जीवशास्त्राचे. १९९८ मध्ये 'कँटरबरी टेल्स'मधील एका भागाच्या अठ्ठावन्न हस्तलिखितांचा वंशसंबंध जीवशास्त्रज्ञांच्या संगणकप्रणालीने लावण्यात आला, तेव्हा खरे तर जुने देणे व्याजासह परत आले.

परंतु वृक्षाच्या मर्यादा सर्वांत स्पष्टपणे ज्याने जाणल्या, तो अभ्यासक पुण्यात होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-आवृत्तीचे संपादक वि. सी. सुखटणकर यांनी १९३३ मध्ये आदिपर्वाला जोडलेल्या प्रस्तावनेत पाठपरंपरांची वंशावळ दिली, आणि त्याच प्रस्तावनेत ती जशीच्या तशी चालत नाही, हेही दाखविले. लेखनिक एका प्रतीवरून उतरवीत, दुसरीवरून सुधारीत, तिसरीतील आख्यान आवडले तर तेही समाविष्ट करीत. शाखा एकमेकींत मिसळल्या होत्या. म्हणून आपण सिद्ध केलेला पाठ हा व्यासांचा मूळ पाठ नसून उपलब्ध प्रतींच्या आधारे पोचता येईल असा सर्वांत जुना पाठ आहे, एवढाच मर्यादित दावा त्यांनी केला. वंशशास्त्राला या समंजसपणापर्यंत येण्यास आणखी बराच काळ लागला. २०१० मध्ये नेअँडरथल मानवाच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि असे दिसले की आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्याचा लहानसा, सुमारे एक-दोन टक्क्यांचा, वाटा आहे. सायबेरियातील देनिसोवा गुहेत सापडलेल्या एका अस्थिखंडावरून २०१८ मध्ये निष्पन्न झाले की ती मुलगी नेअँडरथल आई आणि देनिसोवन बाप यांची होती. ज्या फांद्या एकदा दुभंगल्या की पुन्हा भेटत नाहीत असे आपण शाळेत शिकलो, त्या भेटल्या होत्या. सुखटणकरांच्या लेखनिकांनी केले तेच येथे झाले होते.

याहून पुढची दोन उदाहरणे आपल्या वादाशी थेट भिडतात. मानवी जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग प्राचीन विषाणूंचे अवशेष आहेत. प्रथिने घडविणारा भाग दोन टक्क्यांहूनही कमी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. त्या अवशेषांतीलच एक जनुक वारेच्या जडणघडणीत काम करतो; २००० मध्ये हे उघडकीस आले. परक्याचे आक्रमण गर्भाच्या पोषणाचे साधन झाले. दुसरे उदाहरण १९९५ चे. उंदराच्या डोळ्याच्या घडणीस आवश्यक असलेला एक जनुक गेरिंगच्या प्रयोगशाळेत फळमाशीत घालण्यात आला. माशीच्या पायांवर, पंखांवर डोळे उगवले. पण ते उंदराचे नव्हते, माशीचेच होते. केशवसुतांनी सॉनेट आणले आणि त्याचे सुनीत झाले, यावर मराठीत जी अनेक पृष्ठे खर्ची पडली आहेत, त्यांना या माशीची आठवण करून द्यावीशी वाटते. बाहेरून आलेला घटक काय घडवील, हे तो घेणारी रचना ठरविते.

एवढ्यावरून 'देशीवाद विज्ञानाने खोडून काढला' असा जयघोष करण्याचा मोह आवरला पाहिजे. माझे म्हणणे तसे नाही. भालचंद्र नेमाडे यांच्यापासून पुढे मराठीत देशीवादाची जी मांडणी झाली, तिचा गाभ्याचा प्रश्न वंशाचा नसून सत्तेचा होता : कोणाच्या कसोट्यांवर कोणाचे लेखन मोजले जाते आणि त्यात कोण दुय्यम ठरते, हा. त्या प्रश्नाला नेअँडरथलकडे उत्तर नाही. दोष आहे तो रूपकाचा. 'माती', 'मूळ', 'परकी कलमे' ही भाषा वापरताच सत्तेचा प्रश्न निसर्गाच्या खात्यावर जमा होतो आणि मग शुद्धतेचा पुरावा मागितला जातो, जो कोणालाही देता येत नाही. उलट बाजूला 'संकर' हा शब्द मंत्रासारखा उच्चारणाऱ्या उत्तर-वासाहतिक समीक्षकांचीही तीच गत आहे. संकर निसर्गात होतो म्हणून तो संस्कृतीत न्याय्य ठरत नाही. विषाणूने वार घडविली, पण त्याआधी किती जिवांचा बळी घेतला, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

जाता जाता आपल्या 'उत्क्रांती' या शब्दाविषयीही. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे प्राणाचे देहातून निघून जाणे. मराठीत त्यातील 'उत्' वर जाण्याचा झाला आणि चढत्या पायऱ्यांचे चित्र आपल्या मनात पक्के बसले. नैसर्गिक निवडीत वर-खाली असे काही नाही, हे विज्ञानाचे शिक्षक सांगून थकले. ब्रुनेतिएरने १८९० मध्ये साहित्यप्रकारांची उत्क्रांती मांडली, तेव्हापासून साहित्येतिहासातही बखरीपासून कादंबरीपर्यंत 'चढत' येण्याची जी सवय आहे, तिला हा उपसर्ग पोषकच ठरला.

१९९५ मध्ये जोसेफ कॅरलच्या ग्रंथाने इंग्रजीत पुढे आलेल्या 'डार्विनवादी' समीक्षेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. प्रत्येक कथेत जोडीदाराची निवड आणि आप्तांचे रक्षण आढळते, हे दाखवून ती थांबते. एकच कथानक असलेल्या दोन कादंबऱ्यांपैकी एक चांगली का, हे ती सांगत नाही. तिचा आधारही वाटतो तितका स्थिर नाही. २००१ मध्ये वाणीदोषाशी निगडित असा 'फॉक्सपीटू' हा जनुक सापडला. पुढच्याच वर्षी मानवी वंशात त्याची अलीकडे जोरदार निवड झाल्याचे वृत्त आले आणि भाषेचा जनुक म्हणून त्याचा गाजावाजा झाला. २०१८ मध्ये अधिक व्यापक नमुने तपासले असता अशा निवडीचा पुरावा टिकला नाही. त्या सोळा वर्षांत या जनुकावर भाषेच्या उत्पत्तीचे जे इमले उभारले गेले, त्यांचा पाया त्यामुळे खचला.

मराठी कादंबरीचा इतिहास लिहिताना हा सर्व विचार कोठे लागू पडतो, ते पाहण्यासारखे आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. पहिलीत मिशनरी बोधकथेचा आणि प्रवासवृत्ताचा अंश आहे, दुसरीत अद्भुत कथांचा. 'लीळाचरित्रा'ला कादंबरीचा पूर्वज ठरविण्याची खटपट आपण का करतो, हे उघड आहे. पण या दोन्ही कृतींच्या मागे 'लीळाचरित्र' कोणत्याही प्रतीच्या वाटेने उभे नाही, कारण महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत बंद होत्या आणि त्या वाचल्या गेल्या विसाव्या शतकात. वंश सांगायचाच असेल तर तो सुखटणकरांसारखा प्रतवार सांगावा : कोणी काय वाचले होते, कोणत्या छापखान्यात, कोणत्या भाषांतरातून. तेवढी कागदपत्रे मुंबई-पुण्याच्या ग्रंथसंग्रहालयांत अजून आहेत.