बाकावरचा नायक

दिवाळी अंक उघडला की परदेशची एक तरी कथा हाती लागतेच. विमानतळावरचा निरोप, आईने बांधून दिलेली चकल्यांची पुडी, पहिला बर्फ, मग मोठे घर, मोठी मोटार, आणि शेवटी अंगणातल्या तुळशीची आठवण. अशा कथा आपण सारेच आवडीने वाचतो. मी तर एक कादंबरीच त्या साच्यात ओतली आहे. तेव्हा पुढे जी टीका येणार आहे तिचा पहिला आरोपी मीच, हे आधीच सांगून टाकतो.

झाले असे. लातूरच्या एका लहानशा खाजगी शाळेत मी मराठी शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही; विद्यार्थी मात्र पुष्कळ पुढे गेले. त्यांतला एक मुलगा नांदेडला इंजिनियर झाला, हैदराबादेस अमीरपेटच्या क्लासात संगणकाचे शिकला आणि तिथूनच एका कंपनीमार्फत अमेरिकेस गेला. मागल्या दिवाळीत तो भेटायला आला. फराळाची बशी हातात घेऊन म्हणाला, "सर, तुमची कादंबरी वाचली. चांगली आहे. पण तुमचा नायक विमानातून उतरतो आणि तिसऱ्या पानावर त्याचा पगार सुरू होतो. माझा सात महिने झाला नव्हता."

मी चमकलो. नोकरी होती ना? "होती. कागदावर. मी बेंचवर होतो."

बेंच म्हणजे बाक. आम्हा मास्तर लोकांना बाक माहीत आहे तो शिक्षेचा. या धंद्यातला बाक निराळा. ज्या कंपनीच्या नावावर व्हिसा निघतो ती स्वतः काम देत नाही. ती माणूस दुसऱ्या कंपनीला कामापुरता पुरवते. तसे काम मिळेपर्यंत माणूस बाकावर. पाच जण एका घरात, दोघांना एक गादी, दिवसभर फोनवर मुलाखती, आणि मालकाचे एकच उत्तर : प्रोजेक्ट मिळाला की पगार. आपल्याकडचा ऊसतोड कामगार निदान उचल घेऊन जातो आणि मग बांधला जातो. हा मुलगा घरचे पैसे ओतून गेला आणि बांधला गेला.

मला वाटले, तिकडे कायदा नसेल. पण कायदा आहे, आणि तो या मुलाच्याच बाजूने आहे. अमेरिकेने 1998 साली केलेल्या दुरुस्तीनुसार एच-1बी व्हिसावर आलेल्या माणसाला, काम नाही एवढ्या कारणावरून, बिनपगारी बसवता येत नाही. देशात पाऊल ठेवल्यापासून फार तर 30 दिवसांत पगार सुरू झालाच पाहिजे. माणसाने स्वतःच्या कारणासाठी रजा मागितली तर गोष्ट वेगळी. तक्रार करायला 12 महिन्यांची मुदत असते. मग तू तक्रार का केली नाहीस? तो हसला. व्हिसा मालकाच्या अर्जावर. नोकरी सुटली तर नवा मालक शोधायला फार तर 60 दिवस; नाही मिळाला तर परत या. आणि परत कुठे यायचे? ज्या गल्लीत पेढे वाटले त्याच गल्लीत.

माझ्या मते कादंबरीची खरी जागा इथे आहे. कायदा बाजूने आहे आणि माणूस तरीही गप्प आहे. त्या गप्प बसण्यात मालकाचा धाक आहे, कर्ज आहे, पेढे आहेत, आणि बारावीला मिळालेले गुणही आहेत. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या मुलाला प्रश्न सोडवायला शिकवतात. प्रश्न सुटत नसला तर घरी काय सांगायचे, हे आम्ही कोणीच शिकवत नाही. हे सारे सोडून मी तिसऱ्या पानावर पगार वाटला. पगाराशिवाय कथा पुढे सरकत नव्हती, असे तेव्हा वाटले होते. खरे तर ती तिथेच थांबायला हवी होती.

मराठी लेखकाला वाट पाहणे लिहिता येत नाही असे नाही. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' नाटकात म्हातारे आईबाप अमेरिकेतल्या मुलाची वाट पाहतात आणि प्रेक्षकाला रुमाल काढावा लागतो. पण त्या नाटकानंतर आपली नजर जणू इथल्याच ओसरीवर खिळली. मुलगा तिकडे सुखात आहे आणि दुःख सारे इकडे, असे एक गृहीत होऊन बसले. तोही तिकडे कशाची तरी वाट पाहत असेल, हे आपल्या कथांच्या ध्यानी क्वचितच आले. त्याआधीच्या प्रवासवर्णनांनी आपल्याला परदेश पाहायला शिकवले, 'अपूर्वाई'ने तर हसत हसत शिकवले. पण पाहुण्याच्या नजरेला खोलीचे भाडे थकलेले दिसत नाही. त्यात पाहुण्याचा दोष नाही.

मल्याळी भाषेत ही उणीव बेन्यामिन यांनी भरून काढली. 2008 साली आलेल्या त्यांच्या 'आडुजीवितम्' या कादंबरीवर 2024 मध्ये चित्रपटही आला. पुस्तक उघडते तेव्हा दोन माणसे रियाधमधल्या पोलीस ठाण्यासमोर, आपल्याला अटक व्हावी म्हणून घुटमळत आहेत! तुरुंगाची वाट पाहणारा नायक. मग मागची कथा येते : विमानतळावर न्यायला कोण येणार म्हणून ताटकळणे, एका अरबाने गाडीत घालून नेणे, वाळवंटात शेळ्यांमागे काढलेले बिनपगारी दिवस. एका खऱ्या माणसाच्या हकिकतीवर ती उभी आहे. आखातात कामाला गेलेली माणसे आमच्या नांदेडातही आहेत. त्यांच्याविषयी एवढे लेखन आपण केलेले नाही. जाता जाता एक गंमत सांगतो. आपल्या सरकारच्या नियमाप्रमाणे मॅट्रिक न झालेल्या माणसाला आखातात मजुरीला जाताना सरकारी मंजुरी लागते. मॅट्रिक झालेल्याला ती लागत नाही. म्हणजे माझ्याएवढे शिकलेला माणूस स्वतःला सांभाळू शकतो, असा सरकारचा विश्वास आहे. माझा विद्यार्थी तर इंजिनियर.

मग मराठीत अशी कादंबरी लिहायची कशी? मला वाट सापडली ती घराजवळच. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' 1971 ची. बोराडे आमच्या लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. 2025 साली ते गेले. गावात नवा शिंपी येतो, जुन्याचे गिऱ्हाईक तुटते, आणि हाती कसब असलेला माणूस घरात रिकामा बसतो. ही कथा सांगते त्याची बायको, आपल्या मराठवाडी बोलीत. बोराड्यांनी मोठे भाषण कुठे केले नाही. रिकाम्या पुरुषाचा चढता संताप बायको पाहते, सोसते आणि सांगते. बेकारीवर पुष्कळांनी लिहिले. पण काम येत असूनही काम नसणे म्हणजे काय, हे मला त्या बाईच्या तोंडून जेवढे कळले तेवढे इतर कुठे कळले नाही.

तेव्हा मी त्या मुलाला उत्साहाने म्हणालो, "ही गोष्ट तुझ्या बायकोने सांगायला हवी."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तिला माहीतच नाही, सर."

त्या सात महिन्यांत तो दर रविवारी इस्त्रीचा सदरा घालून व्हिडिओवर दिसायचा. खाली लुंगी. दोन वेळा पैसेही पाठवले, ते सोबत राहणाऱ्याकडून उसने घेऊन. लक्ष्मीपूजनाला पाचही जणांनी स्वयंपाकघराच्या मोरीत पणत्या लावल्या, कारण धूर झाला तर छतावरची घंटा वाजते. आणि प्रत्येकाने आपापल्या घरी तेवढाच कोपरा दाखवला. पुढे काम मिळाले, पगार सुरू झाला, मागचा बुडाला तो बुडालाच. आता सांगून काय उपयोग, असे त्याचे म्हणणे.

माझी सारी मांडणी तिथे अडली. पाचोळ्यातला शिंपी बायकोच्या डोळ्यांसमोर बसलेला होता म्हणून ती सांगू शकली. हा बसला होता सातासमुद्रापलीकडे, आणि तिला दिसत होता तो फक्त सदरा. निवेदन तिच्याकडे दिले तर कादंबरीत काहीच घडत नाही. त्याच्याकडे दिले तर तो सात महिने बोलतच नाही. राहिले ते सोबतचे चौघे. त्यांना सारे माहीत होते, पण ते तेलंगण, आंध्रचे. त्यांची मराठी कोणती? गेले वर्षभर मी याच पेचात आहे. परवा त्या मुलाचा फोन आला, तेव्हा त्या चौघांपैकी कोणी आपल्या घरी सांगितले का, एवढे मी विचारले. एकाने सांगितले होते म्हणे, आईला. ती काय म्हणाली, ते विचारून कळवतो म्हणाला आहे.